आमच्याकडे जेवायला या

अपमान माझ्या आईचा झाला. २०१२ च्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर. लखनौतल्या एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत.

आम्ही बौद्ध. आई तिथे गणपतीसाठी नव्हे, मराठी ऐकायला जायची. वडील हवाई दलातून निवृत्त झाले, तळाशेजारी, लखनौबाहेर बख्शी का तालाबलाच दोन खोल्या बांधल्या. ते अबोल. घरात मराठी बोलायला तिला मी. आणि मी उत्तर द्यायचे हिंदीत.

मंडळाची वेबसाइट होती. लखनौत नव्यानं येणाऱ्यांसाठी कुणीही माहिती टाकावी. सगळ्यात जास्त टाकायची आई, एका बोटानं टाइप करून. आलमबागला बसमधून उतरल्यावर शेअरचा टेम्पो कुठे मिळतो. अमीनाबादेत ज्वारीचं पीठ कुठल्या गल्लीत. मुलांचा डॉक्टर कुठे चांगला.

मी म्हणायचे, "मम्मी, क्यों करती हो? मिलता क्या है?"

"मी आले तेव्हा तू कडेवर, तापानं फणफणलेली. हिंदी येईना. आलमबागच्या स्टँडवर रडत उभी होते. तसं कुणी उभं राहू नये."

शेवटी तिनं एक ओळ टाकली होती : 'पहिल्या दिवशी चूल लागत नाही. आमच्याकडे जेवायला या.' खाली नाव, आडनाव, पत्ता.

आरती झाली. सेक्रेटरीकाका हसत म्हणाले, "वहिनी, माहिती तुमची एक नंबर. ते जेवायचं तेवढं काढलं हं. आडनाव वाचून लोकांना अवघडल्यासारखं होतं. समजून घ्या."

मागून एक बाई, "रस्ता सांगा की. ताट कशाला वाढताय!"

हशा.

आई म्हणाली, "अच्छा." एवढंच. हातातला प्रसाद तिनं तसाच मुठीत धरला. पार घरापर्यंत.

तरी ती लिहीत राहिली. तरी रोज एक भाकरी जास्त थापत राहिली. कुणी आलं नाही. मग ती गेली. अजून जेवायच्या वेळेला फाटकाची कडी वाजली की मी दचकते. वाटतं, खोडलेली ओळ वाचून कुणीतरी आलं. बाहेर वारा असतो.

मेट्रो सुरू झाली तेव्हा काकांचा फोन आला. "बेटा, आलमबागचं सगळं बदललं गं. आईचं लिहिलेलं जरा अपडेट करून दे. तिचीच आठवण राहील."

मी पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलले. "आधी तिची ओळ परत टाका."

"अगं, ते जुनं झालं आता."

"मग रस्ताही मिळणार नाही."

फोन ठेवला. पण स्टँडवर आजही कुणीतरी कडेवर पोर घेऊन उभी असेल. तिचा काय गुन्हा? म्हणून सगळं नव्यानं लिहिलं. दुसऱ्या साइटवर, जिथे कुणा सेक्रेटरीचा हात पोचत नाही. सगळ्यात वर आईची ओळ, नाव-आडनाव-पत्त्यासकट. रस्ते त्याच्या खाली.

तुम्ही तिच्या माहितीवर टेम्पो धरलात. पीठ आणलंत. आजारी पोर डॉक्टरकडे नेलंत. आता तिचं आडनाव वाचा. मोठ्यानं वाचा.

आणि जेवायला या.