सूर्यावरचा शुक्र आणि माझा आगाऊ नारळ

त्या वर्षी अकोटात पाऊस लांबला तो माझ्यामुळे. हवामान खात्याकडे दुसरं कारण असेल. आमच्या सासूबाईंकडे नव्हतं.

तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी सूर्याचे फोटो काढायची. गच्चीवर दुर्बीण, तिच्या तोंडाला चंदेरी फिल्टर, मागे कॅमेरा आणि डोक्यावर ओला टॉवेल घेतलेली मी! (रस्त्यावरून बघणाऱ्यांना वाटे, बाई पापड राखून राहिली.)

जूनमध्ये एका सकाळी शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. ही सकाळ हुकली तर पुढची संधी शंभराहून जास्त वर्षांनी, आणि तेवढं थांबायची माझी तयारी नव्हती! अडचण एवढीच, की धाकट्या दिरांनी, गजाननभाऊजींनी, धूळपेरणी केली होती. म्हणजे पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीतच सरकी टोबली होती. सगळं घर आभाळाकडे डोळे लावून बसलेलं. मीसुद्धा! ते ढग यावा म्हणून, मी येऊ नये म्हणून.

"वयनी, बाळापूरकडून काळं येऊन राह्यलं पाहा!"

"धूर असेल हो, भाऊजी," मी घाबरून म्हणे.

शेवटी, वर्षभर पोरांना अंधश्रद्धेवर भाषणं देणारी मी, एका संध्याकाळी पदर डोक्यावर ओढून मारुतीकडे गेले. "तेवढी एक सकाळ कोरडी जाऊ दे रे बाबा." त्याच मारुतीला सासूबाईंनी पावसाचा नवस बोललेला. पण त्यांचा नारळ पाऊस आल्यावर, माझा आगाऊ! मारुतीने रोखीचं गिऱ्हाईक आधी केलं.

सकाळ लख्ख उगवली. मी धडाधड फोटो काढले; स्वतःच्या डोळ्यांनी शुक्र बघायला तेवढी सवड झाली नाही.

मग कॉम्प्युटरसमोर बसले. शेकडो फोटो एकावर एक रचायचे, हवेची थरथर गाळायची, कडा धारदार करायच्या, धुळीचे डाग पुसायचे. सूर्यावर ठिपके निघाले दोन. एक गोल, रेखीव. दुसरा कडेला जरा केसाळ. मी विज्ञानाची बाई! शुक्राला दाट वातावरण, म्हणजे धूसर दिसणार तोच शुक्र. रेखीव तो डाग. पुसला! जागा अडते म्हणून मूळ फोटोही पुसले आणि केसाळ शुक्राला चौकट करून बैठकीत टांगला.

शुक्र गेला, जून सरत आला, ढग काही येईना. भाऊजी शेतातून येत ते तळहातावर उकरलेलं बी घेऊन. एका शिंतोड्यावर कोंब धरून तिथंच वाळलेलं. ते कोणाला दाखवत नसत, नुसते बघत बसत. जेवताना भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येई. मला खाली बसवेना, म्हणून मी गच्चीवर जाऊन फोटो काढत राही. आणि काय आश्चर्य! शुक्र अजून सूर्यावरच!

अमरावतीच्या नलूला, माझ्या दुर्बीणवाल्या मैत्रिणीला, फोन लावला.

"नलू, शुक्र थांबला गं!"

"कुठं?"

"सूर्यावर! रोज त्याच जागी!"

"कॅमेरा उघडून पाह्य. अन् कोणाले सांगितलं तर नाही ना?"

(शाळा नुकतीच उघडली होती. प्रार्थनेच्या वेळी सांगून झालं होतं.)

कॅमेऱ्याच्या पोटात निघाली कापसाच्या तुसाची एवढीशी गुठळी. हिवाळाभर जिनिंगच्या कारखान्यातून उडून आमच्या घरात शिरतं, तेच तूस.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पुजाऱ्याने सासूबाईंना माझा नारळ सांगून टाकला.

"काहून वं, तू पाऊस अडवला?"

"सकाळपुरताच हो, आत्याबाई! तसं सांगितलं होतं त्याला."

"त्याच्यापाशी घड्याळ आहे का वं?"

भाऊजी हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच. मग हसू तसंच अर्धं ठेवून दुबार पेरणीचं बी आणायला गेले.

जुलैतल्या चार सरींवर ते उगवलं, बोंडंही धरली. मग सासूबाईंचा पाऊस आला तो थांबेचना, आणि बोंडं झाडावरच काळी पडली. (सासूबाईंनी घड्याळाचा विषय पुन्हा काढला नाही.)

फोटो अजून बैठकीत आहे. पाहुणे कौतुकाने विचारतात, "हा शुक्र का?"

"नाही हो," मी सांगते, "कापूस आहे तो. त्या वर्षी आमच्या घरात आला तेवढा सगळा!"