मधात बोलणारा माणूस

दिघोरीच्या स्टँडवर एसटी यायची होती आणि बाबा माझ्याकडून वाक्यं पाठ करून घेत होते. "नागपूरले उतरली का पुन्याची गाडी कोनाले इचारशीन?" "पोलिसाले." "होस्टेलात मॅडम भेटली का काय म्हनशीन?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच म्हणून टाकलं, "नमस्कार मॅडम, मी भंडारा जिल्ह्यातून आली!" माय चिन्नोर तांदळाच्या थैलीचं तोंड सुतळीनं आवळत होती. ती वैतागली. "अजी, तिले बोलू तं द्या! सारं तुम्हीच बोलान तं पोट्टी तेथं काय करन?" गाडी हलली तशी माय रडायला लागली. बाबा खिडकीखालून चालत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

ओठ हलवणं ही बाबांची गावातली ओळख होती. धान तर सगळेच पिकवतात. पण दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा गावची माणसं नाटक करतात आणि त्या नाटकाचे प्रॉम्प्टर आमचे बाबा. पडद्याआड बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य द्यायचं. आता राजा झालेला माणूस दुपारपर्यंत धान कापत होता, त्याला कुठली भाषणं पाठ असणार! तो मिशीला पीळ देत उभा राहायचा आणि बाबा मागून अख्खं राज्य चालवायचे. दोनदा कानावरून गेलं की त्यांना पाठ. त्यांचा एक खास आवाज होता, कुजबुजीपेक्षा मोठा आणि बोलण्यापेक्षा लहान, नेमका नटापर्यंत पोचणारा. आमच्याकडे स्टेजवर कोणी गप्प झालं, तर माणूस बुडतो आहे असं समजायचं आणि हात द्यायचा. थांबून बघत बसायचं नाही, मधात, म्हणजे मध्येच, बोलायचं.

पुण्याच्या कॉलेजात साहित्य आणि सृजनलेखन मंडळ होतं. 'लिहिता? मग या' असा कागद जिन्याजवळ लावलेला. गेले. सगळे गोल करून बसलेले. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "मी पण लिहून राहिली." एक मुलगी खुदकन हसली. तिचा हेतू वाईट नव्हता, पण पुढचे कितीतरी दिवस मी बोलायच्या आधी वाक्य मनात धुऊन वाळत घालायचे. कोणीतरी विचारलं, "भंडारा म्हणजे गोंदियाच ना?" मी म्हटलं, "गोंदिया आमच्यातून वेगळा झाला. आम्ही कुठं गेलो नाही." त्यावर मात्र सगळे हसले आणि मी मंडळाची झाले.

खोटं कशाला बोलू, त्या मंडळानं मला जगवलं. होस्टेलचा भात घशाखाली उतरायचा नाही, खोलीतल्या मुली आपसात भराभर बोलायच्या. पण शनिवारी त्या वर्गात माझा ड्राफ्ट ऐकायला लोक माना पुढे करून बसायचे. फीडबॅक, ओपन माइक, रीडिंग, हे शब्द मी तिथंच शिकले. मंडळाच्या मॅडम सांगायच्या, "ओळ सोडा आणि थांबा. घाई करू नका. ऐकणाऱ्याला थोडं एकटं राहू द्या." मी बाथरूमच्या आरशासमोर थांबण्याचा सराव करायचे. गावात हे कोणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, पोट्टी कामातून गेली.

रविवारी घरी फोन. नवीन लिहिलेलं आधी बाबांना वाचून दाखवायचं, हा नेमच पडला. पुढच्या रविवारी ते म्हणायचे, "थांब, आता मी म्हनतो," आणि माझी कविता मलाच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायचे. वाचता वाचता मी श्वास घ्यायला थांबले तरी पलीकडून पुढची ओळ हजर! मी ओरडायचे, "बाबा, मले मालूम आहे ना!" आणि दोघंही हसायचो. पुण्यात मला खूप लोकांनी ऐकलं, पण माझं लिहिलेलं असं तोंडात घेऊन फिरणारं माणूस एकच होतं.

मंडळाच्या वार्षिक वाचनाला बाबा आले. पांढरा सदरा, नवी चप्पल, हातात लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा. दारात उभ्या असलेल्या प्राचार्यांना जयभीम घालून ते दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. मी तलावाची कविता वाचत होते. "तलाव आटला की गावाला आपलीच हरवलेली भांडी सापडतात," इथवर आले आणि शिकवल्याप्रमाणे थांबले. हॉल एकदम शांत झाला. आणि त्या शांततेत तो आवाज आला, कुजबुजीपेक्षा मोठा, "पन धुऊन घरी न्यायले कोनी थांबलेलं नसते!"

हॉल खो खो हसला. मला, शप्पथ सांगते, लाज नाही वाटली. उलट छातीत काहीतरी मोकळं झालं, माझं माणूस इथं आहे म्हणून. मी त्यांनी दिलेली ओळ घेतली आणि पुढं गेले. पण नंतर बघितलं तर बाबांची मान खाली. मॅडम त्यांना प्रेमानंच म्हणाल्या, "काका, तो विराम होता." बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "इराम म्हंजे?" मी समजावलं. "म्हंजे तू इसरली नोहोती?" "नाही बाबा." "मंग मी कायले बोललो वं?" वड्यांचा डबा तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना म्हणाले, "तुमच्या तेथं चूप बसनं बी बोलनंच असते. मले मालूम नोहोतं, बेटा."

त्यानंतरच्या रविवारी मी कविता वाचली. पलीकडून आवाज आला, "बेस आहे," आणि फोन मायकडे गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी विनवण्या केल्या, रागावले. "म्हणून दाखवा ना बाबा." "नाही वं. तुया कविता आता मोठ्या जागी जाते." त्या वर्षी मंडईत ते पडद्याआड बसलेच नाहीत. डोळ्याला दिसत नाही म्हणाले. माय म्हणाली, "सुईत दोरा ओवते माया डोयासमोर, आन म्हने दिसत नाही!"

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही शहरात जाऊन मोठे झालो. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला माहीत आहे, आपल्या मागे घरची माणसं आपल्याशी जपून वागायला लागतात. याच्यासारखं दुःख नाही. भांडली तर बरं वाटतं.

पुढं पुण्यातच नोकरी लागली, लग्न झालं, पुस्तक आलं. मागच्या मंडईला गावानं माझा सत्कार ठेवला. आदल्या दोन दिवसांत नवी कविता मायला वाचून दाखवली. बाबा बाजेवर आमच्याकडे पाठ करून पडले होते, पण कान कुठं होते ते मला कळत होतं. सत्काराच्या दुपारी मी कागद नेला नाही. आपल्या गावात कागद कशाला?

शाळेच्या मैदानात मांडव. बाबा पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून. मी म्हणायला लागले आणि अर्ध्यात खरोखरच अडले. समोर सगळे ओळखीचे चेहरे, पांढरे झालेले केस, आणि डोकं एकदम रिकामं. ओळ येईना. मी बाबांकडे बघितलं. त्यांना ती येत होती, पक्की येत होती, त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी ते मिटून घेतले, हसले, आणि कौतुकानं माझ्याकडे बघत बसून राहिले. मी बघत राहिले, ते बघत राहिले. शेवटी मी हात जोडले आणि खाली बसले. सगळ्यात आधी टाळ्या बाबांनी वाजवल्या.

घरी येताना ते सत्काराची शाल माझ्या खांद्यावर सारखी करत म्हणाले, "काय थांबली होती वं तू! मले येत होतं समोरचं. पन मी चूप रायलो. आता समजते मले."

"हो बाबा," मी म्हटलं. "बराबर केलं तुम्ही."

मी विसरले होते, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. आपण अडलो की ज्यांना कळतं ती माणसं जिथं असतात, ते घर, असं मी इतकी वर्षं समजत आले. आता तिथंही मी अडले, तर त्यांना वाटतं, ही थांबली आहे.