पिशवीतली कणसं

एक अत्यंत गंभीर घटना जाहीर करतो: साठ सालच्या आसपास कवठे येमाईत शुद्ध ज्ञान भाजून खाल्लं गेलं. खाणाऱ्यांत मीही होतो.

पुण्याचे एक शास्त्रज्ञ तिथं ज्वारीचा संकर करत. परका पराग लागू नये म्हणून निवडक कणसांवर कागदी पिशव्या बांधत. कित्येक हंगामांची मेहनत त्यांत होती. पीक वाढेल का, असं विचारलं की ते चष्मा पुसत म्हणत, "मला फक्त जाणून घ्यायचंय."

हुरड्याला शेतमालक आबांनी त्यांना आगटीपाशी बसवलं. साहेबांनी डोळे मिटून मूठभर खाल्लं.

"गोड हाय न्हवं?" आबा म्हणाले. "पाखरांपासून तुम्हीच राखलेली कणसं. पाव्हण्याला चांगलंच द्यावं. पिशव्या आगटीत घातल्या."

साहेबांचा हात थांबला. मग भरल्या तोंडानं ते बोलून गेले, "आबा, हे गोड कणीस कुठल्या ओळीतलं होतं?"