काखेतली साखर

आमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, वेडे पुष्कळ पाहिले, पण डावी काख साखरेसाठी राखून ठेवणारा माणूस एकच. आमच्या शेजारचे, कॉलेजातून निवृत्त झालेले मास्तर. माझ्या आंगणातल्या पेरूच्या फळाफळाला ते तारीख लिहून दोरा बांधत. मग कोवळं फळ तोडून ठेचत, त्याचा रस दुकानातल्या साखरेच्या पाण्यात टाकत, अन् ती काचेची नळी अंगाच्या उबेत राहावी म्हणून काखेत दाबून तासभर हिंडत. भाजीबाजारात तशीच, लग्नातही तशीच. एकदा नवरदेवाच्या बापानं गळाभेटीला हात पसरले, तर हे एका हातानं नमस्कार करून मागं सरकले. लोक हळहळले, बिचाऱ्याला लकवा मारला! घरी येऊन नळीत निळं औषध टाकून उकळलं की पाणी विटकरी लाल व्हायचं, अन् मास्तर कुंपणावरून ओरडायचे, "फुटली! भाऊ, साखर फुटली!"

मी चौथी नापास, पण भट्टीवर उभी जिंदगी नुसत्या डोळ्यानं पोलाद ओळखलं. एकदा विचारलं, "साखर फोडून काय भेटते तुमाले?" ते म्हणाले, "पानातून साखर जोडीनं येते, भाऊ. कोवळ्या फळातलं एन्झाइम ती जोडी फोडतं, म्हणून पान आणखी साखर धाडतं अन् फळ भरतं. ज्याला फोडता येत नाही, त्याला झाड गाळून टाकतं." मी म्हटलं, "झाडाले नका शिकवू. फळ पिकू द्या." पिकू देतील तर मास्तर कसले!

मागच्या साली बायको अंथरुणाला खिळली. तोंडाची चव गेली. "आपल्या झाडाचा पेरू खाईन," एवढंच म्हणाली. झाडावर एकच फळ उरलं होतं. मी मास्तरांना बजावलं, "हा पिकेपर्यंत शिवाल तर याद राखा." रोज बघायचो. माझ्या डोळ्यानं सांगितलं, अजून तीन दिवस. दुसऱ्याच सकाळी फांदी रिकामी! काठी घेऊन निघालो, तर मास्तर आमच्याच खाटेपाशी बसून फोडींना मीठ लावत होते.

"कावून तोडला?" मी ओरडलो. मास्तरांनी पुढची फोड तिच्या हातात ठेवली. बायकोच फोड चावत म्हणाली, "अवो, कावून ओरडून राहिले? तुरट हाय थोडा, पण मस्त हाय." दोन फोडी खाल्ल्या तिनं.

माझ्या हिशेबानं ज्या दिवशी तो पेरू पिकणार होता, त्या दिवशी ती नव्हती. मास्तरांना ते दिसलं होतं. मला नाही दिसलं. तरी महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. चूक कबूल करायची मला सवय नाही.

आता ते मुलीकडे रायपूरला राहतात. मी फोन लावतो. ते विचारतात, "भाऊ, फुलं आली का?" मी म्हणतो, आली. मग त्या पेरूबद्दल एक गोष्ट सांगायची असते. ती ओठांशी येते, अन् मी विचारतो, "जेवले का, मास्तर?"