घरटी एक शेअर

आबा म्हणजे माझे वडील. कवठे येमाईच्या अलीकडं आमचं गाव, आणि त्या गावात आबांनी निवडणुकीत पाडलेली माणसं कमी नाहीत. सोसायटी असो, दूधसंस्था असो, नाहीतर साखर कारखाना. कुठल्या घरात किती मतं आणि त्यातली कुठली फुटणार, हे आबांना झोपेतून उठवून विचारावं. म्हणूनच मला अजून संताप येतो. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, आणि फसला कुठं, तर मतातच.

गावच्या डोंगराला दगडाची खाण आहे, खडीचं क्रशर आहे. मी शाळेत होते तेव्हा गावकऱ्यांनी पैसे घालून त्याची कंपनी काढली. सोसायटी नाही, कंपनी. फरक काय, हे एकानं विचारलं नाही. शेअर घेतला की सभासद, सभासद झालं की मत, एवढं सगळ्यांना पाठ. पुढं कुणाच्या पोरीचं लग्न निघालं, कुणाला बोअर घ्यायची झाली, की कंपनीचा चेअरमन त्याचे शेअर विकत घ्यायचा. गोड बोलून, घरी चहाला बसून. लोक आबांना विचारायला यायचे, द्यावेत का? आबा सांगायचे, "दे की. फकस्त एक ठिव. एक असला तरी मत राहतंय." लोकांनी तसंच केलं. घरटी एक ठेवला, बाकीचे चेअरमनकडं गेले. आबांनी आमचे मात्र विकले नाहीत, उलट थोडे माझ्या नावावर केले.

मध्यंतरी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं ही खाण विकत घ्यायची ऑफर दिली. द्यायची की नाही, ते सभासदांच्या सभेत मतांवर ठरणार होतं. कागद इंग्रजीत. मी दौंडला एका कारखान्यात अकाउंट्सचं काम करते, असले कागद मला कळतात. आबांचा फोन आला तशी न्हावऱ्यावरून शिरूर आणि तिथून दुसरी एसटी करून गेले. शेअरमागं देऊ केलेला भाव ऐकून गावाचे डोळे दिपले होते. पण हिशेब धरला होता क्रशरचा, डंपरचा, वजनकाट्याचा. डोंगरात अजून दगड किती शिल्लक आहे, त्याची दमडी धरलेली नव्हती. आणि ताबा मिळाला की डोंगराच्या उगवतीच्या अंगालाही सुरुंग लावणार, असं स्वच्छ लिहिलं होतं. उगवतीच्या पायथ्याला आमची वस्ती. घर, गोठा, विहीर, आणि आमच्यासारखी आणखी घरं. आजवर गावानं त्या अंगाला कुणाला हात लावू दिला नव्हता.

"आबा, भाव कमी आहे, पण भाव राहू द्या," मी म्हणाले. "कंपनीत मत माणसाला नसतं, शेअरला असतं. ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त."

आबा पोट धरून हसले. "पैशाला मत? अगं, मग गरिबानं काय तोंड बघत बसायचं व्हय? लई शिकलीस तू."

"खरंच आहे. चेअरमनला विचारा."

"त्येला काय विचारायचं? त्येला पाडतोच बघ आता."

पालथ्या घड्यावर पाणी! मी चिडून त्याच दिवशी दौंडला परत आले.

मग आबांनी पॅनल उभं केल्यासारखा धुरळा उडवला. घरोघर फिरले. घरचा तो एक शेअर ज्यांच्या नावावर होता, त्या न्हावऱ्याला दिलेल्या लेकींना आणायला गाडी पाठवली, तशाच शिक्रापूरला खोली घेऊन राहिलेल्या कामगार पोरांना रजा टाकायला लावली. बुद्धविहाराकडची माणसं एरवी आबांच्या विरोधात, पण त्यांची घरंही उगवतीलाच, तीही झाडून आली. सभेच्या दिवशी मीही गेले, तर शाळेच्या पटांगणात उभं राहायला जागा नव्हती.

चेअरमननं खाण विकायचा ठराव वाचला. "विरोधात कोण?" म्हटल्याबरोबर हातच हात! बाजूनं फक्त पुढची खुर्च्यांची रांग. अहो, काय तो गलका. गुलाल आधीच आणून ठेवला होता, तो उधळला, आबांना खांद्यावर घेतलं. वरूनच ते मला ओरडून म्हणाले, "बघ गं शिकलेले, मानसाला मत असतंय का न्हाई!" आणि खरं सांगते, त्या वेळी मलाही वाटलं, असेल बाई, माझंच चुकलं असेल. मीही हसले.

गलका ओसरेपर्यंत चेअरमन थांबला. मग माईक घेऊन म्हणाला, "हात वर करून झालं. आता नियमाप्रमाणं पोल, म्हणजे शेअरवार मतमोजणी. ज्यानं त्यानं आपले शेअर चिठ्ठीवर लिहायचे." चिठ्ठ्या वाटल्या. लोक एक लिहीत होते आणि शेजारच्याच्या चिठ्ठीत डोकावत होते. तिथंही एकच. आमचे बापलेकीचे धरूनही मूठभर भरले. चेअरमननं एकट्यानं आपली चिठ्ठी टाकली आणि ऑफर मंजूर झाली.

आबा माईकपाशी गेले. कपाळावर गुलाल तसाच. "आन् ही मानसं? ही येवढी मानसं आली, त्येचं काय?"

"आबा," चेअरमन म्हणाला, "एक ठेवा, बाकीचे द्या, हे लोकांना तुम्हीच सांगितलं होतं."

हलकट मेला! पण खोटं बोलला नव्हता, त्याचीच आग होते.

गावातलं कुणी आबांना एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. नुसतं सल्ला विचारायला येणं बंद झालं. उगवतीला सुरुंग सुरू झाले. विहिरीचं पाणी आटलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला, आणि शेअरचे आलेले पैसे आबांनी अजून बँकेतून काढलेले नाहीत.

यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. उभ्या आयुष्यात आबांनी मतदान चुकवलेलं नाही, म्हणून मी मुद्दाम गेले. दुपार झाली तरी ते बाजेवर पडून. दारात गाडी घेऊन आलेली पोरं हाका मारत होती.

"आबा, चला ना. वेळ संपेल."

"मला न्हाई यायचं."

"अहो, हे कंपनीसारखं नाही. इथं माणसाला एक मत. चेअरमनलाही एकच, तुम्हालाही एकच. मी सांगते ना."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मीबी लोकांला असंच सांगत व्हतो," ते म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.