पाणी कुठलं?

भालेराव गेले हे मला भाजीबाजारातच कळलं. मी एका गिऱ्हाइकाशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालत होतो. बातमी ऐकली आणि जुडी त्याला तशीच देऊन टाकली... असं माझ्या हातून पहिल्यांदाच घडलं. त्याला आता महिना झाला.

आमची ओळख भांडणातून झाली, आणीबाणी उठली त्या वर्षी. डोक्यावर पाटी घेऊन नाशिकभर हिंडलेला मी तेव्हा नुकता स्वतःच्या गाळ्यावर बसलो होतो. नाल्याकाठचा रुंद पानाचा, काळपट हिरवा पालक मी जास्त भाव देऊन उचलायचो. नाल्याच्या पाण्यात कस असतो, असं आम्ही सगळेच मानायचो. भालेराव कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. भर गर्दीत त्यांनी जुडी उचलली, उलटी करून मुळं पाहिली आणि विचारलं, "पाणी कुठलं?" मी तोऱ्यात सांगितलं, नाल्याचं. ते मागच्या बायकांकडे वळून म्हणाले, "मग घेऊ नका." धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचं पाणी नाल्यात येतं, त्यातलं कॅडमियम, म्हणजे विषारी धातू, पानात उतरतं, असं त्यांचं म्हणणं. आठवड्याभरात माझ्या पालकाला कोणी हात लावेना. आधी मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तो राग मी अजून सोडलेला नाही.

त्यांना खोटं पाडायला मी तीन जुड्या नेल्या. एक नाल्याची, एक नाल्याचीच पण नळाखाली तीनदा धुतलेली, एक विहिरीवरची. तिन्हींना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले. कोणता कशाचा, हे मलाच ठाऊक. त्यांनी पानं वाळवली, जाळून राख केली, प्राध्यापकांकडून यंत्रावर तपासून घेतली आणि विहिरीची जुडी बरोबर वेगळी काढली. धुतलेली नाल्याच्या जुडीशेजारीच राहिली. ते मला म्हणाले, "अण्णा, धुतल्यानं माती जाते. हे मुळातून वर आलंय." माझ्या घरी रोज तोच पालक शिजत होता...

मग आम्ही दोघं कारखान्याच्या मालकाकडे गेलो. पाणी स्वच्छ आहे, असं तो ठणकावून सांगत राहिला. मी पाटीतला पालक त्याच्या टेबलावर ओतला. "शेठ, स्वच्छ आहे ना? मग हा घरी शिजवा. मी जेवायला येतो." त्याने जुडीला बोट लावलं नाही. पाणी शुद्ध करणारी टाकी त्याने कबूल केली, तरी मी उठलो नाही. संध्याकाळपर्यंत शेतकऱ्यांसाठी कारखान्याच्या वरच्या माळावर विहीर आणि पंपही पदरात पाडून घेतला. बाहेर आल्यावर भालेराव म्हणाले, "तुमच्यासमोर ॲसिडही विरघळेल."

"आणि तुमच्यामुळे चालता गाळा बसेल," मी म्हणालो.

भाजी माळावर गेली. नाल्याकाठच्या मातीतही धातू मुरला होता, म्हणून तिथे झेंडू लावला. पहिल्या दसऱ्याला शेतकऱ्यांनी त्याचाच हार भालेरावांच्या गळ्यात घातला. मला नाही घातला. असो.

पुढे दर शनिवारी ते यायचे आणि ठाऊक असूनही मोठ्यानं विचारायचे, "पाणी कुठलं?" मी चिडायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी विचारलं तर बाकीचे विचारतील." आणि खरंच, हळूहळू सारा बाजार विचारू लागला.

परवाच्या शनिवारी सवयीनं त्यांची जुडी बाजूला काढून ठेवली. भालेराव वहिनी आल्या. जुडी उलटी करून त्यांनी मुळं पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पाणी कुठलं?"

"विहिरीचं," मी त्याहून मोठ्यानं सांगितलं.

शेजारच्या गाळ्यावरून कोणी न विचारताच आवाज आला, "आमचंही."