खालच्या दालनाची कडी

एक डोळा शेगडीवरच्या दुधावर, दुसरा सुईच्या नाकात, अशा बेताने शिवणकाकू बसल्या होत्या आणि दार वाजलं. दूध गेलंच उतू. सुनेने कपाळाला हात लावत दार उघडलं, तर समोर बोट कंपनीचा साहेब. हातात फुलांचा गुच्छ, चेहऱ्यावर घरून घालून आणलेलं हसू.

शिवणकाकू म्हणजे सगळ्या गल्लीचे कपडे बेतलेली बाई. अंगाने काडी, जिभेने कात्री. दोन वर्षांपूर्वी समुद्रात बोट बुडाली, तिच्यातून वाचलेल्या मोजक्या माणसांतल्या त्या एक. तेव्हापासून लोक त्यांना नशीबवान म्हणत. मुलाखतीला निघालेल्या मुलीच्या डोक्यावरून शेजारणीने त्यांचा हात फिरवून घेतला, तेव्हा काकू म्हणाल्या, "नशिबाचं राहू दे, बाही उसवलीय तिची. ती आण इकडे."

साहेबाने काम सांगितलं. त्याच मार्गावर आता नवी बोट निघणार होती. पहिल्या फेरीला काकूंनी यावं, फुकट, वरच्या मजल्यावर, खिडकीशी. फोटो पेपरात येईल, लोकांची भीती मोडेल. मुलगा तिथेच तडकला. आई पुन्हा पाण्यावर पाऊल ठेवणार नाही, आमचं ठरलंय, असं त्याने सुनावलं.

"तुझं ठरलंय," काकू म्हणाल्या. "पलीकडे तुझ्या बहिणीला आठवा लागलाय. ती काय पोहत येणार आहे माझ्याकडे? मी जाणार. तिकीट काढून जाणार."

साहेबाची कळी खुलली. पण काकूंचं बोलणं संपलं नव्हतं.

त्या बुडालेल्या बोटीवर खालच्या दालनाला बाहेरून कडी होती. स्वस्त तिकिटवाले वर हवा खायला येऊ नयेत म्हणून बोट सुटली की खलाशी ती लावून टाकत. रोजचीच रीत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. बोट कलली तेव्हा कडी काढायला कुणी आलंच नाही. भिंतीत जेवणाची ताटं सरकवायची एक चिंचोळी खिडकी होती. काकूंबरोबर आत अडकलेल्या थोरल्या जाऊबाईंनी त्यांचे पाय धरून त्यांना तिच्यातून पलीकडे लोटलं. जाऊबाई अंगाने भरलेल्या. 'खात जा गं काही, वाऱ्याने उडशील,' असं जन्मभर म्हणत आलेल्या. त्यांचा एक खांदाही खिडकीत मावेना.

"जा, कडी काढ," एवढंच त्या म्हणाल्या.

काकूंच्या आधी दारापाशी पाणी पोचलं. चौकशीत सगळा दोष वादळावर गेला. काकूंनी पुन्हा पुन्हा सांगूनही कडीचं नाव कुणी घेतलं नाही.

नवी बोट अगदी सुरक्षित आहे, असं साहेब समजुतीच्या सुरात म्हणाला. आपण ती रविवारी धक्क्यावर जाऊन आतून पाहिलीय, असं काकूंनी सांगितलं. हे ऐकून सून चमकली. रविवारी काकू तिला दाताच्या डॉक्टरांकडे जाते असं सांगून गेल्या होत्या.

"कडी तशीच आहे. फक्त घासूनपुसून चकचकीत केलीय," काकू म्हणाल्या.

साहेब गुच्छ या हातातून त्या हातात करत राहिला. वरिष्ठांच्या कानावर घालतो, म्हणाला. तुम्ही तर वरच बसणार, तुम्हाला काय त्याचं, असंही पुटपुटला.

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली.

"मी खालीच बसणार. फोटो काढा हवे तेवढे, हसेनसुद्धा. फक्त बोट सुटायच्या आधी त्या दाराची कडी काढून टाका."